टाळीच्या आधी कापलेल्या नऊ ओळी

पत्र बरंच मोठं आहे, इथे गरजेपुरतंच देतेय.

"ताई, मी २४ वर्षांचा आहे. सहा वर्षं कविता लिहितोय, त्यातली पाच वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मासिकांकडून कविता परत यायच्या, कधी तर उत्तरही नाही. गेल्या वर्षी एका छोट्या कार्यक्रमात वडिलांवरची कविता वाचली. बंद पडलेल्या घड्याळाला ते रोज सकाळी चावी देतात, अशी ती कविता आहे. कुणीतरी त्याची रील टाकली आणि ती कुठच्या कुठे गेली. आता महिन्याला सहा-सात कार्यक्रम असतात, मानधन मिळतं, लोक सेल्फी मागतात. नवा फोन घेतला, भारीतले शूज घेतले, मोठ्या घरात राहायला आलो. (रीलमध्ये कवितेच्या शेवटच्या नऊ ओळी नाहीत. ते घड्याळ लहानपणी माझ्याच हातून पडलं होतं आणि मी ते कधीच कुणाला सांगितलं नाही, असं त्यात आहे. आता स्टेजवरही त्या वाचत नाही, लोक आधीच टाळ्या वाजवतात.) आता एका घड्याळाच्या कंपनीला ही कविता जाहिरातीसाठी हवीय आणि पैसे माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढे देतायत. जिला सगळ्यात आधी कविता वाचून दाखवायचो ती मैत्रीण म्हणाली की तू विकला गेलास, आणि बोलणं बंद केलं. तिने तुकोबांनी नजराणा परत पाठवल्याची गोष्टही ऐकवली. पाच महिने एक ओळ लिहिलेली नाही. काही सुचायच्या आधी टाळीच ऐकू येते. स्टेजवर उभा राहिलो की खोटा वाटतो मी मला. जाहिरात घेऊ का? नोकरी सोडू का? पैसे नव्हते तेव्हाच बरा होतो का मी?"

मित्रा,

तुला अरेतुरे करतेय, वयाने मोठी आहे आणि पत्र वाचता वाचता तू जवळचाच वाटलास म्हणून.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की हा पैशाचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाटलं प्रसिद्धीचा आहे, आणि तिसऱ्या वेळी लक्षात आलं की फोन, शूज आणि नवं घर यांच्यावर तू जवळजवळ दोन पानं खर्च केलीयस (इथे मी ती एका वाक्यात आणली), आणि त्या नऊ ओळींवर फक्त एक कंस. माणूस जे कंसात टाकतो ना, तिथेच बहुतेक वेळा दुखत असतं. त्याकडे येतेच, पण आधी शूजचं मिटवून टाकू कारण ते सोपं आहे.

शूज घेतलेस, छान केलंस. घाल ते. पाच वर्षं जो मुलगा फाटलेल्या सोलने कविसंमेलनांना जाऊन शेवटच्या रांगेत बसत होता (हे तूच लिहिलंयस) त्याने पहिल्या कमाईतून चांगले शूज घेतले यात विकलं जाण्यासारखं काय आहे? गरिबीचा कवितेशी काहीतरी पवित्र संबंध असतो असं जे आपल्याकडे बोललं जातं ते मला कधीच पटलेलं नाही आणि ते बोलणाऱ्यांपैकी बरेच जण पोटभर जेवून बोलत असतात. ज्यांना खरंच काही नव्हतं त्यांना विचारलं तर ते सांगतील की रात्री दोनला कविता सुचलीय आणि सकाळी सहाला कामावर जायचंय यात काव्य वगैरे काही नसतं, नुसती झोप जाते. तू तेव्हा लिहीत होतास कारण तुझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं, खिसा रिकामा होता हे त्याचं कारण नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी तुझ्या आयुष्यात होत्या म्हणून तू त्या एकच समजतोयस. खिसा भरला याने काही बिघडलं नाही. मागणारे आले, तिथून बिघडायला लागलं.

आणि पगार घेऊन कविता लिहिणारे कमी झाले का? इंग्रजीतला मोठा कवी टी. एस. इलियट १९१७ ते १९२५ लंडनमधल्या लॉइड्स बँकेत होता, ज्या दीर्घकवितेने विसाव्या शतकातली कविता बदलली असं म्हणतात ती १९२२ साली छापून आली तेव्हाही तो बँकेतच होता. मित्रांनी वर्गणी काढून त्याला तिथून सोडवायचा घाट घातलेला, तो काही तडीस गेला नाही, आणि त्याने बँक सोडली ती प्रकाशनात दुसरी नोकरी मिळाल्यावर. अमेरिकेतला कवी वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत उपाध्यक्ष होता, १९५५ ला कवितेसाठी पुलित्झर हा तिथला मोठा पुरस्कार मिळाला, हार्वर्डने मानाचं प्राध्यापकपद देऊ केलं तर नको म्हणाला, कारण विमा कंपनी सोडावी लागली असती! आणि आपल्याकडे अरुण कोलटकर. पोट जाहिरातींवर चाललं, आर्ट डायरेक्टर म्हणून त्या धंद्यातही त्यांचं मोठं नाव होतं. १९७७ ला मराठी संग्रह आला, त्याच वर्षी इंग्रजी कवितेसाठी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, म्हणजे एका वर्षात दोन्ही भाषांमध्ये नाव झालं, आणि तरी मराठीतले पुढचे संग्रह यायला पाव शतक गेलं. त्या सगळ्या वर्षांत लिहिणं चालू होतं. फक्त लोक मागतायत म्हणून वही उघडून दाखवली नाही.

हे मी तुझ्या मैत्रिणीसाठीही लिहितेय. तुकोबांनी नजराणा परत केला असं सांगतात आणि ती गोष्ट मलाही लहानपणापासून प्रिय आहे, पण तो तुकोबांचा निर्णय होता, त्यांच्या अभंगांतून आलेला, त्याच्या मागे त्यांचं अख्खं जगणं होतं. दुसऱ्याचा त्याग उसना घेऊन अंगावर चढवला तर तोही शूजसारखाच दिसायला छान होईल आणि आतून चावेल. तुला कंपनीला नाही म्हणायचं असेल तर तुझ्या कारणाने म्हण. आणि तुझ्याकडे कारण आहे असं मला वाटतं.

आता टाळीचं. सुचायच्या आधी टाळी ऐकू येते, हे वाक्य मी वेगळं लिहून ठेवलंय, कारण इतक्या नेमकेपणाने हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे तुझ्या एकट्याचं नाही रे. इंग्रज कवी बायरन १८१२ च्या मार्चमध्ये एका कवितेने रातोरात प्रसिद्ध झाला, वय तुझ्याएवढंच, २४. पाचशे प्रती तीन दिवसांत संपल्या. मग पुढची दोन-तीन वर्षं त्याने काय केलं तर तसलाच एक उदास, देखणा, मनात काहीतरी पाप लपवलेला नायक पुन्हा पुन्हा लिहिला, आणि लोकांना तो इतका हवा होता की १८१४ ला त्यातल्या एका कवितेच्या दहा हजार प्रती एका दिवसात गेल्या. आकडे बघ, पाचशेचे दहा हजार. त्या आकड्यांकडे बघून कोण थांबेल? पण आज त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणून जे वाचतात ते नंतरचं आहे, १८१९ पासूनचं, ज्यात तो हसतो, चेष्टा करतो, स्वतःचा तो उदास नायक सोडून देतो. आणि त्या कामाचा त्याच्या प्रकाशकाला इतका धसका होता की पहिला भाग कवीचं नाव न टाकता आणि स्वतःचंही नाव न टाकता छापला. म्हणजे टाळीतून बाहेर यायला त्याला काही वर्षं लागली आणि बाहेर आला तेव्हा त्याच्याच माणसांना ते नको होतं. तुझे तर पाचच महिने झालेत.

पाच महिने न लिहिण्याने घाबरूही नकोस. पोलंडची कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्का हिला १९९६ ला नोबेल मिळालं, आणि फोन, मुलाखती, भाषणं, सह्या यांनी तिचं शांत आयुष्य असं काही उसवलं की तिच्या जवळचे लोक त्याला नोबेलची शोकांतिका म्हणायचे. पुढचा संग्रह २००२ ला आला. तेव्हा ती जवळजवळ ऐंशीची होती, आणि तरी आला. तुझी वही कुठे जात नाहीये, कपाटात आहे.

पण न लिहिता येणं वेगळं आणि खोटं वाटणं वेगळं, आणि हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू समजतोयस की स्टेजवर खोटं वाटतं ते मानधन घेतो म्हणून. मला नाही तसं वाटत. खोटं वाटतं कारण तू तिथे खरंच अर्धी गोष्ट सांगतोयस.

बघ ना काय झालंय. तू जी कविता लिहिलीस तिच्यात वडील बंद घड्याळाला चावी देतात, का देतात ते घरात कुणाला कळत नाही, आणि शेवटी मुलगा म्हणतो की ते माझ्या हातून पडलं होतं. म्हणजे ती कविता मुलाची आहे. त्याच्या गप्प बसण्याची आहे. रोज सकाळी चावीचा आवाज ऐकत जो मुलगा चहाचा कप हातात धरून उभा राहिलाय त्याची आहे. रील बनवणाऱ्याने (त्याचा काही दोष नाही, त्याला एक मिनिट हवं होतं) जिथे कापलं तिथे ती वडिलांच्या थोरपणाची कविता झाली, प्रेमळ, साधे, न बोलणारे बाबा. लोक रडतात कारण प्रत्येकाला तसा बाप आठवतो. ते रडणंही खरंच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण तुझी जी गोष्ट होती, सांगायला अवघड, सहा वर्षं लिहिल्यावर एकदाची सांगता आलेली, ती नेमकी गेली. आणि पहिल्यांदा दुसऱ्याने कापली, नंतर दर कार्यक्रमात तू स्वतः कापतोयस. महिन्यातून सहा-सात वेळा तू तेच करतोयस जे लहानपणी केलं होतंस. गप्प बसतोयस. आणि आता त्याबद्दल टाळ्या मिळतात. अशात नवी ओळ कशी येईल सांग, ती दाराशी येऊन बघत असेल की आधीच्या नऊ जणींचं काय झालं.

म्हणून जाहिरातीबद्दल माझं मत सरळ आहे. ही कविता देऊ नकोस. जाहिरात वाईट म्हणून नाही आणि पैसा वाईट म्हणून तर मुळीच नाही. ते कापलेली कविता घेणार, घड्याळाची कंपनी आपल्या जाहिरातीत मुलाने घड्याळ फोडलं आणि लपवलं हे कशाला ठेवेल, आणि एकदा ती संगीत लावून सगळीकडे वाजली की तीच खरी आवृत्ती होऊन बसेल, मग तू पुस्तकात नऊ ओळी छापल्यास तरी लोक विचारतील की हे मागून का जोडलं. त्यांना सांग की ही कविता नाही देता येणार, पण तुमच्यासाठी नवीन ओळी लिहून देतो. ते काम आहे, कारागिरी आहे, त्याचे चांगले पैसे माग आणि मन लावून कर. कमी देतील, बहुतेक बरेच कमी, कारण त्यांना रीलची ओळख विकत घ्यायची आहे. कदाचित नाहीच म्हणतील. ते पैसे जातील हे मी हलक्यात लिहीत नाहीये, दोन वर्षांचा पगार म्हणजे काय असतं ते मला माहितीये.

आणि समजा माझं न ऐकता दिलीस (निर्णय तुझा, मी रागावणार नाही) किंवा नवीन ओळी लिहून दिल्यास, तरी कागद नीट वाच. हे मी पोळलेली बाई म्हणून सांगतेय. पंचविशीत मी एका निर्मात्याला तीन गाणी लिहून दिली होती, एका पानाचा कागद होता, त्यात सर्व हक्क कायमस्वरूपी असे शब्द होते आणि मी त्याखाली आनंदाने सही केली, कारण कुणीतरी मला गीतकार म्हणत होतं. पुढे त्यातल्या एका गाण्याचं धृपद दुसऱ्याच कडव्यांना जोडून वापरलं गेलं, माझं नाव नव्हतं, आणि मी काहीच करू शकले नाही. आजही ते कुठे वाजलं तर मी खोलीतून उठून जाते.

तर हे लक्षात ठेव. कविता लिहिलीस त्या क्षणापासून हक्क तुझा असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे आणि १९०८ च्या दुरुस्तीपासून त्यात हे तत्त्व आहे, जगातले बहुतेक देश आज त्यात आहेत. १९२८ साली त्यात आणखी एक गोष्ट आली, की आर्थिक हक्क दिले तरी लेखक म्हणून आपलं नाव लागावं आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड होऊ नये असं म्हणायचा हक्क लेखकाकडे राहतो. हे कानावर असू दे, पण यावर विसंबून राहू नकोस, कागदावर लिहूनच घे. हक्क विकणं आणि वापरायची परवानगी देणं यात घर विकणं आणि भाड्याने देणं एवढा फरक आहे. तू भाड्याने दे. किती काळासाठी, कुठल्या कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रदेशात, शब्द बदलायचा झाला तर मला विचारायचं, नाव कुठे येणार, मुदत संपल्यावर वापरलं तर काय, आणि याच ओळी मी माझ्या पुस्तकात छापू शकतो की नाही. शेवटचा प्रश्न तरुण लोक हमखास विसरतात आणि मग स्वतःच्या संग्रहात स्वतःची कविता घ्यायला परवानगी मागत फिरतात. एखाद्या वकिलाला दाखव, त्याची फी जाईल ती जाऊ दे.

नोकरी सोडू नकोस, निदान आत्ता. रीलवर आलेले कार्यक्रम रीलबरोबर ओसरतात, आणि ओसरायला लागले की घरभाड्यासाठी तू तीच एक कविता आणखी रडवेली करून वाचायला लागशील, याची मला खरी भीती आहे. मानधनातून टॅक्सचं बाजूला काढ, वर्षभराचा खर्च साठेपर्यंत कुठलाही मोठा हप्ता घेऊ नकोस, आणि कार्यक्रम महिन्याला दोन कर. दोनच. बाकीच्यांना नाही म्हणताना कारण द्यायची गरज नाही. जे चार-पाच दिवस सुटतील त्यातला एक दिवस असा ठेव की फोन दुसऱ्या खोलीत, दार बंद, आणि लिहिलेलं त्या दिवशी कुणालाही दाखवायचं नाही, स्टेटसला तर नाहीच. टाळी लगेच थांबणार नाही. पहिले कितीतरी दिवस तू नुसता बसशील आणि कानात तीच ऐकू येईल. बस. वाईट लिही. ज्या ओळीला कुणी वाह म्हणणार नाही अशी एखादी ओळ लिहून बघ.

मैत्रिणीला माफीचा मेसेज पाठवू नकोस आणि स्वतःची बाजू तर अजिबात मांडू नकोस. ती चुकीचं बोलली, पण तिला काहीतरी दिसलं होतं. तिने ती कविता पूर्ण ऐकलीय ना? तूच म्हणतोस सगळ्यात आधी तिला वाचून दाखवायचास. मग तिला नऊ ओळी माहितीयेत. प्रत्येक कार्यक्रमाच्या व्हिडिओत तिला ऐकू येत असेल की तू कुठे थांबतोस. विकला गेलास हा शब्द तिने रागात वापरला असेल, मला वाटतं तिला म्हणायचं होतं की पुढचं का नाही वाचत. जमलं तर एखादी अर्धवट, न जमलेली कविता घेऊन तिच्याकडे जा, पूर्वी जायचास तसा, आणि विचार की ही कुठे अडलीय.

राहिले वडील. तू लिहिलंयस की गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसले होते आणि डोळे पुसत होते, आणि तुला तिथून पळून जावंसं वाटलं. मी तुला सांगणार होते की पुढच्या कार्यक्रमात अख्खी कविता वाच, टाळ्या वाजल्या तरी हात वर करून थांबव आणि पुढे वाच. अजूनही सांगतेच. पण त्याच्या आधी घरी. स्टेजवरून बापाला कबुली देणं हेही एक प्रकारचं टाळ्या घेणंच होईल, शंभर लोकांसमोर त्यांना रागावताही येणार नाही. सकाळी ते चावी देत असतील तेव्हा शेजारी जाऊन बस आणि सांग. कवितेत नको, साध्या वाक्यात सांग. त्यांना आधीपासून माहीत असेल किंवा काहीच कल्पना नसेल, त्यांना हसू येईल किंवा ते दोन दिवस बोलणार नाहीत, यातलं काय होईल ते मी सांगू शकत नाही, तू सगळ्यालाच तयार राहा. मग त्यांना विचार की ही मी लोकांसमोर वाचली तर चालेल का. नको म्हणाले तर नको. मग ती कविता काही दिवस कुणीच ऐकणार नाही, कापलेलीही नाही.

एक राहिलं. पत्रासोबत तू कविता टाइप करून पाठवलीस ती मी वाचली, तीही रीलएवढीच आहे. त्या नऊ ओळींत काय आहे ते तू मला सांगितलंस, पण ओळी नाही पाठवल्यास. वडिलांशी बोलून झालं की पाठव. मी त्या इथे छापणार नाही.